आप्पा खांबेट्यांचा दोर

"मनुष्यजातीने आजवर लावलेला खरा शोध एकच, तो म्हणजे दोर," आप्पा खांबेटे म्हणाले. "अग्नी, चाक, छपाईचं यंत्र, हे सगळं किरकोळ."

त्या वेळी त्यांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी त्याच दोरावर वाळत होती. दोराच्या एका टोकाची गाठ आप्पांनी स्वतः मारली होती. ती सुटली, आणि चड्डी, पंचा आणि मनुष्यजातीचा एकमेव शोध असे तिघेही चुलीवरच्या पिठल्यात उतरले. प्रमिलावहिनींनी पळीने चड्डी बाजूला काढली आणि पिठलं पुन्हा ढवळायला घेतलं. आम्ही ते खाल्लं. दुसरं काही नव्हतं.

आप्पा म्हणजे आमच्या कल्याणच्या 'कडेकपारी मंडळा'चे संस्थापक, अध्यक्ष आणि घटना. घटनेत कलम एकच होतं: दोर सोडायचा नाही आणि दोर कापायचा नाही. कडा असो, ओढा असो, कमरेला दोर बांधल्याशिवाय मंडळाचा सभासद घराचा उंबरठाही ओलांडत नसे, असं मी माझ्या साप्ताहिकातल्या सदरात लिहिलं होतं. आप्पांनी ते कात्रण कौतुक समजून फ्रेम करून लावलं.

मी मंडळात होतो तो याचसाठी. दरबारात एक विदूषक लागतो अशी आप्पांची समजूत होती. सेनापती म्हणून मोघे होता. बँकेत रोखपाल, पण दंड असे की नोटा मोजताना शर्ट उसवायचा. आणि प्रमिलावहिनी. आप्पांच्या पत्नी. प्रत्येक मोहिमेला येत, अर्धी भांडी पाठीवर घेऊन. आजवर एकाही किल्ल्याचा माथा त्यांनी पाहिला नव्हता, कारण पायथ्याशी सामानाजवळ कोणीतरी बसायला हवं असे.

त्या फाल्गुनात आम्ही चौघं तांबजाई नदीच्या काठी उतरलो होतो. ही नदी उन्हाळ्यातही भरून वाहते, कारण वर घाटात वीजघर आहे आणि तिथलं पाणी रोज सकाळी खाली सोडतात. ते आलं की कोरडे दगड बघता बघता बुडतात आणि जिथे गुरं उभी असतात तिथे तासाभरात फेस उसळतो. दुपारनंतर पाणी हळूहळू उतरतं. या पाण्यावर रबरी बोटीतून लोकांना आदळतआपटत नेण्याचा धंदा तेव्हा नवीनच सुरू झाला होता. मोघेच्या हट्टाने आम्हीही सकाळी त्या बोटीत बसलो.

बसण्याआधी एक व्याख्यान झालं. देणारी साताऱ्याकडची रेणुका जगदाळे, पंचविशीतली, डोक्यावर हेल्मेट, आवाजात इतका कंटाळा की ती मरणाबद्दल बोलतेय हे समजायला वेळ लागावा.

"पाण्यात पडलात की पाठीवर व्हायचं. पाय पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. उभं राहायला जायचं नाही. गुडघाभर पाणी असलं तरी नाही. तळाला दगडांच्या फटी आहेत. पाय अडकला की पाणी मागून ढकलतं आणि माणसाची घडी घालतं. चादरीची घालतो तशी."

मोघे हसला. ती थांबली नाही.

"पाण्यात झाड आडवं दिसलं तर लांब राहायचं. पाणी फांद्यांतून जातं, माणूस जात नाही. चहा गाळताना चहापत्तीचं होतं ते तुमचं होतं. लांब जाताच येत नसेल तर पालथं व्हायचं, डोकं पुढे, जोरात हात मारत झाडावर जायचं आणि बुंध्यावर चढायचं. पाय पुढे करून गेलात तर खाली ओढले जाल. आणि अंगाला काही बांधायचं नाही. काका, तो दोर."

आप्पांच्या कमरेला दोर होता.

"हा दोर बोटीत येणार नाही."

"मुली," आप्पा म्हणाले, "तुझ्या जन्माआधीपासून मी हा दोर बांधून नद्या ओलांडतोय."

"माझ्या जन्माआधी या नदीला एवढं पाणी नव्हतं, काका. वीजघर नंतर आलं. बांधलेल्या माणसाला पाणी खाली दाबतं. हातात धरलेला दोर सोडता येतो, बांधलेला येत नाही. तो काढा, नाहीतर काठावर बसा. पैसे परत मिळणार नाहीत."

आप्पांनी दोर काढला. बोट सुटली. चारदा त्यांच्या तोंडात नदी गेली, ती त्यांनी मुकाट्याने थुंकली.

दुपारी मुक्कामी परत आल्यावर मी माझं काम केलं. डोक्यावर पातेलं घातलं आणि जगदाळेबाईंचं व्याख्यान पहिल्यापासून म्हणून दाखवलं. माझी स्मरणशक्ती चांगली आहे; लोकांची टर उडवायची म्हणजे आधी त्यांचं नीट ऐकावं लागतं. तोच कंटाळा, तेच नाकातून बोलणं. मोघे जमिनीवर लोळला. "काका, तो दोर," इथे आलो, आणि प्रमिलावहिनी हसल्या. तोंडाला पदर न लावता.

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठले.

"समोरच्या काठावर कोरीव गुहा आहे. चला."

"पूल आहे की आप्पा," मोघे म्हणाला. पूल खरंच होता. त्या क्षणी त्यावरून एसटी जात होती.

"पुलावरून जाणं म्हणजे नदी ओलांडणं नव्हे. मी पुढे जाऊन पलीकडे दोर बांधतो. त्याला धरून तुम्ही या."

"पाणी अजून उतरलेलं नाही," मी म्हणालो.

"हे तुम्ही बोलताय, टिपणीस, की ती पोरगी?"

"मीच."

"मग पातेलं काढून बोला."

पातेलं माझ्या डोक्यावरच होतं.

आप्पांनी काठावरच्या ऐनाच्या झाडाला दोराचं एक टोक बांधलं आणि दुसरं कमरेला. पिठल्यातल्या गाठीपासून धडा घेऊन या वेळी त्यांनी दोन्ही गाठी पक्क्या मारल्या. मी तोच कंटाळा आवाजात आणून म्हणालो, "काका, बांधायचं नाही, धरायचं." वहिनी पुन्हा हसल्या. काकडी चोचवत बसल्या होत्या, कोशिंबिरीसाठी. आप्पा पाण्यात उतरले.

मांडीपर्यंत ठीक होतं. कमरेपर्यंतही ठीक होतं, त्यांनी एक हात वर करून आम्हाला तसं दाखवलं. पुढचं पाऊल त्यांनी टाकलं ते कुठे पडलं माहीत नाही. हात वर तसाच राहिला आणि त्याखालचे आप्पा गेले.

प्रवाहाने त्यांना खाली नेलं, दोर संपला आणि तारेसारखा ताठ झाला. तो वाजायला लागला. खरंच वाजत होता, घुमल्यासारखा. त्याच्या टोकाशी पाण्याचा एक गुळगुळीत फुगवटा तयार झाला, काचेसारखा, आणि त्या काचेच्या आत आप्पांचा खाकी शर्ट दिसत होता. मधूनच एक तोंड वर यायचं, उघडं. त्यात हवा जायच्या आत पाणी जायचं आणि ते पुन्हा आत.

"ओढ," मोघे म्हणाला आणि दोराला लोंबकळला. मीही ओढलं. ऐनाचं खोड करकरलं. आम्ही जितके ओढत होतो तितका फुगवटा मोठा होत होता आणि शर्ट खोल जात होता.

"मोघे, सोड. दोर त्यांना दाबतोय."

मोघे हसला. खोटं नाही सांगत. दातओठ खात ओढताना तो हसला, कारण वाक्य माझ्या तोंडून आलं होतं आणि आवाज जगदाळेबाईंचा होता. घाबरल्यावर माझा स्वतःचा आवाज निघेना. घशात तेवढा एकच तयार होता.

"बांधलेल्या माणसाला पाणी खाली दाबतं," मी म्हणालो. त्याच आवाजात.

"टिपण्या, मस्करी बास."

आणि दोर सोडून तो पाण्यात घुसला. आप्पांकडे सरळ चालत. मांडीभर पाण्यात त्याचा डावा पाय दोन दगडांत बसला. पाण्याने त्याच्या पाठीला रेटा दिला, आणि तो मोघे, तो दंडाचा मोघे, गुडघ्यातून पुढे वाकायला लागला, सावकाश, कोणी शिस्तीत घडी घालावी तसा. मी काठावरून त्याच्या पट्ट्याला धरलं आणि उलट्या दिशेला, प्रवाहाच्या वर, सगळं वजन टाकून मागे पडलो. बूट तळाला राहिला, मोघे माझ्या अंगावर आला.

"वहिनी, सुरी द्या," मी ओरडलो.

वहिनी उठून उभ्या होत्या. हातात सुरी होती. अर्धी काकडी दुसऱ्या हातात.

"कशाला?"

"दोर कापायला."

हे मोघेने ऐकलं आणि माझ्या तोंडावर मुठीने मारलं. समोरचा एक दात गेला. मी उठायला गेलो तर त्याने मानगूट धरून मला काठच्या पाण्यात दाबलं. पाणी वीतभर होतं. वीतभर पाण्यात मरता येतं ही माहिती व्याख्यानात नव्हती. खाली गोटे होते. मी ते फार जवळून पाहिले. आणि आवाज होता. पाण्याखाली नदी गप्प नसते. मोठे दगड तळाशी एकमेकांवर आपटत असतात, आणि तो आवाज कानात येत नाही, हाडांत येतो.

मी त्याच्या मनगटाला चावलो. तोंड वर आलं.

"कापला तर काय होईल, भाऊजी?" वहिनी वरून विचारत होत्या. भाजी कितीला दिली विचारावं तशा शांत.

"खाली वाहत जातील. तिकडे झाड आहे."

झाड होतं. दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर काठचा एक उंबर उन्मळून पाण्यात आडवा पडला होता. बुंधा आमच्या काठाला, फांद्या पाण्यात, आणि त्यांतून पाणी गाळलं जात होतं.

"आणि नाही कापला तर?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण मोघेने मला पुन्हा दाबलं. या वेळी गुडघा पाठीवर ठेवून. तोंड उघडंच होतं, त्यामुळे उत्तराऐवजी त्यात वाळू गेली. डोळ्यांपुढे पिवळं झालं. त्या पिवळ्यात फटका मारल्यासारखा एक आवाज झाला आणि पाठीवरचा गुडघा निघाला.

दोर तुटला होता. ताणलेला दोर कापायला काकडीपेक्षाही कमी वेळ लागतो. तुटलेल्या टोकाने जाता जाता मोघेचा कान फाडला होता आणि तो कानाला हात लावून उताणा पडला होता. वहिनी ऐनाच्या झाडापाशी उभ्या होत्या. मी उठलो आणि उंबराकडे धावलो. त्यांच्याजवळून जाताना त्यांनी सुरी माझ्या हातात ठेवली, पळण्याच्या शर्यतीत काठी देतात तशी. मी घेतली. धावणाऱ्या माणसाच्या हातात कोणी काही दिलं की तो घेतो.

उंबराच्या बुंध्यावर मी पोटावर सरपटत गेलो. खोड थरथरत होतं. खालून पाणी इतक्या जोराने ओढत होतं की झाड मुळासकट चालायला लागेल असं वाटावं. आणि आप्पा आले. पाठीवर, आडवे, निळसर तोंड, पाय पुढे. डोळे उघडे होते.

"काका, पालथे व्हा," मी म्हणालो. आवाज तोच. "डोकं पुढे. जोरात हात मारा. झाडावर या."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस मरताना इतक्या तुच्छतेने पाहू शकतो हे मला माहीत नव्हतं. ते पालथे झाले आणि हात मारत सरळ माझ्यावर आले. बुंध्यावर चढायला नव्हे, मला मारायलाच आले अशी माझी समजूत आहे. छाती बुंध्यावर आदळली आणि बरगड्या मोडल्याचं मी ऐकलं. मी कॉलर धरली. ते अर्धे वर आले आणि थांबले. कमरेला उरलेल्या दोराची शेपटी बुंध्याखालून फांद्यांत गेली होती, तिला पीळ बसला होता, आणि झाड त्यांना त्या शेपटीने खाली घेत होतं. कॉलर फाटायला लागली. मी हातातल्या सुरीने ती शेपटी कापली.

म्हणजे दोर मीही कापला. हे नंतर फार उपयोगी पडलं.

मोघे एका बुटाने लंगडत, मानेवरून रक्त गाळत आला आणि आम्ही दोघांनी मिळून आप्पांना काठावर आणलं. त्यांनी बरीचशी तांबजाई ओकून टाकली. मग कोपरावर उठायचा प्रयत्न केला आणि पहिलं वाक्य बोलले.

"दोर कोणी कापला?"

मोघेने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात सुरी होती. वहिनी आप्पांचं डोकं पदराने पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टिपणीस भाऊजींनी."

मी रक्त थुंकलं. माझ्या तोंडात दात कमी होता.

रोह्याच्या दवाखान्यात आप्पांच्या छातीला पट्टे बांधत होते तेव्हा वहिनी आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. वहिनींच्या पदराला पिठल्याचा वास येत होता.

"तुम्हीच कापलात असं म्हणायचं, भाऊजी."

"जीव वाचवलात तुम्ही त्यांचा. सांगायला काय हरकत आहे?"

"मला त्यांच्याबरोबर राहायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नुसतं कल्याणात राहायचंय."

पुढच्याच महिन्यात मंडळाची खास सभा झाली. घटनेचा भंग केल्याबद्दल दत्तात्रय टिपणीस यांचं सभासदत्व रद्द करण्याचा ठराव आप्पांनी मांडला. बरगड्या दुखत असल्याने बसून मांडला. मोघेने कानाला पट्टी बांधलेल्या अवस्थेत अनुमोदन दिलं. सभेनंतर वहिनींनी सगळ्यांना शिरा वाढला. मला दोनदा वाढला.

त्यानंतर आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जात. मंडळ पुढे बंद पडलं, मोघे मुलाकडे हैदराबादला गेला, माझं सदर संपादकांनी बंद केलं आणि संपादकांना मालकांनी. मी निवृत्त झालो, दात बसवून घेतला. वहिनी भाजीबाजारात भेटत. "बरे आहात ना, भाऊजी?" एवढंच विचारत आणि पुढे जात. मीही गुपित सांभाळलं. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल याची कल्पना करा. इतका चांगला मजकूर आणि छापता येत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर निरोप आला. आप्पा अंथरुणाला खिळले आहेत, बोलावताहेत.

दार वहिनींनी उघडलं. केस पांढरे झाले होते. "आत आहेत. फार बोलायला लावू नका," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने मिक्सर सुरू झाला.

आप्पा खूप लहान झाले होते. खाटेवर कोणीतरी त्यांचे कपडे ठेवलेत असं वाटत होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"टिपणीस, झाडावर तुम्ही दोर कापलात तो माझ्या कमरेजवळ."

"हो."

"मग ऐनापाशी कोणी कापला?"

मी मिक्सर थांबायची वाट पाहिली. तो थांबेना.

"मीच."

"तुम्ही तर मोघेच्या गुडघ्याखाली होता."

मी त्यांच्या चादरीचं टोक सरळ केलं.

"पाण्यातून काठ दिसत नाही असं तुम्हाला वाटलं असेल," आप्पा म्हणाले. "दिसतो. तोंड वर यायचं तेवढ्यापुरता, पण फार स्वच्छ. एकदा वर आलो तेव्हा ती उभी होती, हातात काकडी. पुन्हा आलो तेव्हा काकडी नव्हती, ती झाडाशी होती. आणि शेवटी आलो तेव्हा माझ्याकडे बघत होती आणि कापत होती."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"पहिल्यापासून."

"मग मंडळातून मला का काढलंत?"

"कोणाला तरी काढायला हवं होतं. तिला काढता येत नव्हतं."

मिक्सर थांबला. आप्पाही थांबले. आत भांड्याचं झाकण ठेवल्याचा आवाज झाला, मग नळ सुटला, तेव्हा त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"तिचा चेहरा मला अजून दिसतो. रोज पाहतो, आणि रोज ठरवतो. एक दिवस वाटतं, वाचवायला कापला. एक दिवस वाटतं, नुसताच कापला. शांत होती हो फार."

"विचारलं नाहीत कधी?"

"उत्तर मिळालं असतं."

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"तुम्ही जवळ होता, टिपणीस. तुम्हाला काय दिसलं?"

हाच प्रश्न मी स्वतःला इतक्या वर्षांत पुष्कळदा विचारला होता. नाही कापला तर काय, असं वहिनींनी विचारलं होतं आणि माझ्याकडून उत्तर गेलंच नव्हतं. वाळू गेली होती, माझ्याच तोंडात.

"आप्पा, मी त्या वेळी पाण्याखाली होतो."

"मीही," आप्पा म्हणाले.

आत वहिनी कपबशा मांडत होत्या. आप्पांनी डोळे मिटले. झोपले असं समजून मी उठायला लागलो तर त्यांनी माझी बाही धरली.

"जाताना एक काम करा. जरा पाठ खाजवा. डावीकडे, खांद्याच्या खाली. तिथे नाही, अजून खाली. हां, तिथे. हिला सांगत नाही मी, ही फार जोरात खाजवते."